बिघाडाला कुंपण

परीक्षेच्या निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच घटकेस एकाच संकेतस्थळाकडे धाव घेतात. ते त्या क्षणी बंद पडले, तर चिंता यंत्राला नसते. ती घराघरांत असते. म्हणूनच वेब ॲप्लिकेशन कसे रचावे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

त्याचे एक उत्तर वेबच्या जन्मापूर्वीच, टेलिफोनच्या क्षेत्रात शोधले गेले. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग यांनी १९८६ साली जे काम आरंभिले, त्यातून रॉबर्ट विर्डिंग व माइक विल्यम्स यांच्या सहकार्याने ‘अर्लांग’ ही भाषा सिद्ध झाली. एक संभाषण तुटले तर तेवढेच तुटावे, बाकीची हजारो अखंड चालावीत, हा त्यामागील हेतू होता.

अर्लांग ही फंक्शनल पंथाची भाषा होय. गणितातील फलनाप्रमाणे तिच्यातील फंक्शन दिलेल्या मूल्यावरून नवे मूल्य काढते; दिलेल्या मूल्यात खाडाखोड करीत नाही. कचेरीतील फाइलीचेच पाहा. आधीची टिपणी कोणी खोडत नाही. आपली टिपणी तिच्याखाली लिहितो. अशा शिस्तीमुळे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासता येतो, आणि बाकीच्यांना धक्का न लावता बदलताही येतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ‘प्रोसेस’. ही प्रोसेस म्हणजे कचेरीतील एक स्वतंत्र टेबल असे श्रोत्यांनी समजावे. दुसऱ्याच्या खणात हात घालायचा नाही. काम असेल तर चिठ्ठी पाठवायची. असे एक टेबल काही किलोबाइट स्मृतीत मावते, म्हणून ती लक्षावधी मांडता येतात. टेबल दुसऱ्या यंत्रावर असले तरी चिठ्ठीची रीत तीच राहते. त्यामुळे कामाचा व्याप वाढला की यंत्रे वाढविणे सुकर होते. या सर्वांवर पर्यवेक्षक असतो. एखादे टेबल कोलमडले, तर तो त्याची डागडुजी करीत बसत नाही. निर्दोष आरंभस्थितीतून नवे सुरू करतो.

१९९८ साली अर्लांग सर्वांना खुली झाली. पुढे व्हॉट्सॲपने तिचा आश्रय घेतला आणि एका सर्व्हरवर २० लाख जोडण्या सांभाळल्याचे २०१२ साली जाहीर केले. त्याच पायावर ब्राझीलच्या जोसे वालिम यांनी ‘एलिक्सर’ ही भाषा उभारली व तिच्यात क्रिस मॅककॉर्ड यांनी ‘फिनिक्स’ ही वेबसाठीची चौकट रचली.

अर्थात भाषा म्हणजे मंत्र नव्हे. अवजड आकडेमोडीत इतर भाषा हिच्या पुढे जातात. शिवाय सारी टेबले अखेर एकाच डेटाबेसच्या दारात खोळंबणार असतील, तर टेबले वाढवून रांग लांबेल, काम उरकणार नाही.

तेव्हा रचनाकाराने प्रत्येक भागाविषयी एक प्रश्न आधीच विचारावा: हा बिघडला, तर बिघाड कोठपर्यंत पोहोचेल? या प्रश्नाचे उत्तर ज्या रचनेत आधीच दिलेले असते, तिच्यावर लोकांनी विसंबावे.