विहारातील चित्रकथा-संग्रह : नोंद, तालिका आणि जतन

बौद्ध ग्रंथसंग्रहाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे त्रिपिटक, अट्ठकथा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन व भाषणे यांचे खंड उभे राहतात. मुलांच्या चित्रकथा, ज्यांना आपण बोलण्यात कॉमिक्स म्हणतो, त्यांची गणना ग्रंथांत करण्याची आपल्याला सवय नाही. परंतु तथागतांचे चरित्र, अंगुलिमालाचे परिवर्तन किंवा बाबासाहेबांचे बालपण यांचा पहिला परिचय अनेक मुलांना चित्रकथेतून होतो. त्या पहिल्या परिचयात मुलाला नेमके काय सांगितले गेले, हे कालांतराने तपासावयाचे असेल, तर ती पुस्तिका हाती असली पाहिजे आणि ती कोठे आहे हे ठाऊक असले पाहिजे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात हा प्रश्न सध्या विशेष निकडीचा आहे. जुन्या चाळी व इमारती पुनर्बांधणीसाठी रिकाम्या होतात, तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे एकतर रद्दीत जातात किंवा विहारात आणून दिले जातात. या परिसराला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. मात्र पातळ कागदाच्या, दोन पिनांवर बांधलेल्या पुस्तिका जपण्याची अपेक्षा केवळ अशा मोठ्या संस्थांकडून करता येणार नाही. ज्या विहाराला त्या दान मिळतात, त्या विहारानेच त्यांची व्यवस्था लावली पाहिजे. ती कशी लावावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चित्रकथेची परंपरा

चित्र आणि कथा यांची सांगड बौद्धांना नवी नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास उभारलेल्या भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर जातककथा कोरल्या आहेत आणि त्यांतील अनेक शिल्पांवर त्या त्या जातकाचे नावही ब्राह्मी लिपीत कोरले आहे. त्या नावांमुळे शिल्पांची ओळख निश्चित करता आली. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील वेस्सन्तर व छद्दन्त या कथांची चित्रे प्रसिद्ध आहेत. परंतु अजिंठ्याची बहुतेक चित्रे विद्वानांना ग्रंथांशी ताडून ओळखावी लागली. नोंद असलेले चित्र आणि नोंद नसलेले चित्र यांतील अंतर या दोन स्थळांच्या तुलनेवरून सहज ध्यानात येते.

विनयातील चार कामे

दानवस्तूंच्या व्यवस्थेविषयी विनयपिटकात फार व्यवहारी विचार आढळतो. महावग्गातील चीवरक्खन्धकात असे सांगितले आहे की, उपासक चीवरे घेऊन विहारात येत, पण स्वीकारणारा कोणी नसल्यामुळे परत जात. पुढे स्वीकारणारे नेमले, तर ठेवणारा नसल्याने चीवरे नष्ट होऊ लागली. ठेवणारे नेमले, तर ती उघड्यावर राहून उंदीर व वाळवी यांच्या भक्ष्यस्थानी पडू लागली. तेव्हा भाण्डागाराची अनुज्ञा मिळाली. अशा क्रमाने चीवर-पटिग्गाहक, चीवर-निदहक, भण्डागारिक आणि चीवर-भाजक असे चार अधिकारी नेमले गेले. छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणे ही प्रत्येकाची समान पात्रता होय. त्याखेरीज पहिल्याला काय घेतले व काय घेतले नाही, दुसऱ्याला काय ठेवले व काय ठेवले नाही, तिसऱ्याला काय सुरक्षित व काय असुरक्षित आहे, आणि चौथ्याला काय वाटले व काय वाटले नाही, याचे ज्ञान असावे लागे. स्वीकार, मांडणी, जतन आणि देवघेव ही ग्रंथालयाची चार कामे याहून वेगळी नाहीत. याच क्रमाने चित्रकथांचा विचार करू.

स्वीकार : दाखल-नोंदवही

आलेल्या प्रत्येक प्रतीला एक दाखल क्रमांक द्यावा. प्रत हरवली किंवा फाटली तरी तो क्रमांक दुसऱ्या प्रतीला देऊ नये. नोंदवहीत पुढील रकाने असावेत : दाखल दिनांक, शीर्षक, मालिका, मालिकेतील क्रमांक, भाषा, लेखक व चित्रकार, प्रकाशक, वर्ष, छापील किंमत, प्रतीची स्थिती आणि दात्याचे नाव व गाव. शेवटचा रकाना कोणी अनावश्यक मानू नये. कान्हेरीच्या शिलालेखांत दात्याचे नाव, त्याचे गाव, अनेकदा त्याचा व्यवसाय आणि दान दिलेली वस्तू, मग ते लेणे असो की पाण्याचे टाके, यांची नोंद आहे. त्या दात्यांत कल्याणचे रहिवासीही आहेत. प्राचीन कल्याणविषयी आपल्याला जे ज्ञात आहे, त्यातील काही भाग या नोंदींमुळेच ज्ञात झाला आहे.

मालिकेचा क्रमांक लिहिताना विशेष सावध राहावे लागते. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या अमर चित्र कथा मालिकेत पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. भारतीय कथांचा आरंभ ११ व्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’ या पुस्तिकेने झाला. पुढे निघालेल्या नव्या आवृत्त्यांना ५०१ पासून नवे क्रमांक देण्यात आले, आणि त्यांत ‘बुद्ध’ या पुस्तिकेचा क्रमांक ५१० आहे. म्हणजे एकाच कथेच्या दोन प्रतींवर दोन निराळे क्रमांक असू शकतात. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे क्रमांक आरंभी सलग होते, नंतर त्यांना खंड व अंक असे रूप आले. म्हणून छापील क्रमांक जसाच्या तसा उतरवावा आणि त्यापुढे आवृत्ती नोंदवावी. पुनर्मुद्रणाचे वर्ष छापलेले नसेल, तर मुखपृष्ठावरील किंमत व प्रकाशकाचा पत्ता यांवरून आवृत्ती जुनी की नवी याचा अंदाज करता येतो. मराठी, हिंदी व इंग्रजी प्रतींच्या नोंदी स्वतंत्र असाव्यात.

मांडणी : कथानिहाय तालिका

ड्यूई दशांश वर्गीकरणात चित्रकथांचा वर्गांक ७४१.५ आणि बौद्ध धर्माचा २९४.३ आहे. सर्व चित्रकथा ७४१.५ खाली ठेवल्यास तथागतांचे चरित्र आणि वेताळाची साहसे एकाच फळीवर येतात. विहारापुरता सोपा उपाय असा की, बौद्ध विषयाच्या पुस्तिकांना २९४.३ हा वर्गांक देऊन त्यापूर्वी ‘चि’ हे अक्षर लिहावे आणि अन्य चित्रकथांची फळी निराळी ठेवावी.

याने शीर्षकांची सोय होते, कथांची होत नाही. जातकांवरील एका पुस्तिकेत अनेकदा दोन-तीन कथा असतात आणि मुखपृष्ठावर मूळ जातकाचे नाव नसते. यासाठी प्रत्येक कथेचे स्वतंत्र तालिकापत्र करून त्यावर जातकाचा क्रमांक लिहावा. पालि जातकसंग्रहात ५४७ कथा असून त्या गाथांच्या संख्येनुसार २२ निपातांत लावल्या आहेत. त्यामुळे प्रत्येक कथेला निश्चित स्थान आहे. माकड व मगरीची कथा सुंसुमार जातक, क्रमांक २०८. बडबड्या कासवाची कथा कच्छप जातक, क्रमांक २१५. सशाची कथा सस जातक, क्रमांक ३१६. यांपैकी पहिल्या दोन कथा पंचतंत्रातही आहेत. पुस्तिका कोणत्या परंपरेतून घेतली, हे नायकाला बोधिसत्त्व म्हटले आहे की नाही यावरून बहुधा कळते. सुत्तांवर आधारलेल्या कथांना सुत्ताचा क्रमांक द्यावा. उदाहरणार्थ, अंगुलिमालाला मज्झिमनिकाय ८६. पालि साहित्यात वग्गाच्या शेवटी येणारी उद्दान-गाथा त्या वग्गातील सुत्तांची नावे क्रमाने सांगते. स्मरणाच्या सोयीसाठी रचलेली ती सूचीच होय.

कथेचा आधार

तालिकापत्रावर आणखी एक ओळ असावी, असे आमचे आग्रहाचे प्रतिपादन आहे. ती म्हणजे कथेचा आधार. सिद्धार्थाने वृद्ध, रुग्ण, मृत व संन्यासी पाहून गृहत्याग केला, ही पारंपरिक कथा बुद्धचरित्रावरील चित्रकथांत सामान्यतः येते. बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही उपपत्ती बुद्धीला पटणारी नाही असे सांगून, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध यांत परिव्रज्येचे कारण दाखविले. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका यांच्या १९७२ ते १९८३ या काळात क्रमशः आलेल्या ‘बुद्ध’ या विस्तृत कृतीत तर छप्रासारखी कल्पित पात्रेही आहेत. ‘आधार : चार दृश्ये’, ‘आधार : रोहिणीचा वाद’, ‘कल्पित पात्रे आहेत’ एवढी टीप पुरेशी आहे. आपल्याला मान्य नसलेली पुस्तिका काढून टाकू नये. ती ठेवावी, टीप लिहावी आणि बालवर्गात दोन्ही कथा शेजारी ठेवून मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. हाच न्याय बाबासाहेबांच्या चरित्राला लावावा. १९७९ ची अमर चित्र कथेतील पुस्तिका आणि २०११ मध्ये नवयानने प्रसिद्ध केलेली, परधान गोंड शैलीतील ‘भीमायन’ या दोन कृती एकाच जीवनाकडे किती निराळ्या दृष्टीने पाहतात, हे त्या एकत्र ठेवल्यावरच दिसते.

जतन

आपल्या भागातील पावसाळा कागदाचा मोठा शत्रू आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण परिसरातील तळमजल्यांचे काय झाले, ते सर्वांना स्मरत असेल. संग्रह तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नये आणि कपाट ओल्या भिंतीला चिकटवू नये. चिकटपट्टी कालांतराने पिवळी पडून कागद खाते. फाटलेले पान पातळ कागद व खळ लावून जोडावे. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून पांढऱ्या दोऱ्याने टाका घालावा. दाखल क्रमांक मुखपृष्ठावर शाईने न लिहिता आतल्या पानावर शिसपेन्सिलीने लिहावा. पुस्तिका आडव्या, लहान गठ्ठ्यांत ठेवाव्यात. पावसाळा संपताच प्रत्येक गठ्ठा उघडून बुरशी व कसर पाहावी. वाळविताना थेट उन्हात न ठेवता वाऱ्यावर ठेवावा.

देवघेव आणि संयुक्त सूची

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगते. मुलांना हात लावू न देता जपलेला संग्रह व्यर्थ होय. दोन प्रती असतील तर चांगली प्रत जतनासाठी आणि दुसरी देवघेवीसाठी ठेवावी. तिसरी प्रत दुसऱ्या विहाराला द्यावी आणि तशी नोंद करावी. देवघेवीची वही मोठ्या मुलांकडे सोपवावी. घेतले व परत आले याचा हिशेब ठेवणे हेही एक शिक्षण आहे.

अखेरची सूचना संयुक्त सूचीची. एका विहारात मालिकेचे काही अंक असतात, दुसऱ्यात उरलेले. एकमेकांना मात्र त्याची वार्ता नसते. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण येथील विहारांनी वर सांगितलेले रकाने समान ठेवून आपापल्या नोंदी संगणकावर उतरविल्या व वर्षातून एकदा, वर्षावासाच्या समाप्तीला, त्या एकत्र केल्या, तर कोणती मराठी आवृत्ती कोणाकडे आहे आणि कोणती कोणाकडेच नाही, हे प्रथमच स्पष्ट होईल. हस्तलिखित नोंदवही मात्र बंद करू नये. या कामाला मोठा निधी लागत नाही. एक वही, एक शिसपेन्सिल आणि काय आले, कोठे ठेवले, कोणी नेले हे पक्षपाताविना लिहून ठेवणारी एक व्यक्ती पुरते. अशी व्यक्ती प्रत्येक विहाराने येत्या वर्षावासापूर्वी नेमावी, अशी विनंती आहे.