अथाय गावाची गोष्ट आणि आपले मत



डब्लिनच्या नैऋत्येला साधारण ७० किलोमीटरवर, किल्डेअर काउंटीत बॅरो नदीच्या काठी अथाय नावाचे बाजाराचे गाव आहे. डब्लिनची घरभाडी झेपेनात म्हणून आम्ही तिथे राहायला आलो. काही महिन्यांनी माझ्या नावाचे एक मतदार कार्ड टपालाने आले. माझा पासपोर्ट भारतीय, तेव्हा हे चुकून आले असणार असे समजून मी ते रद्दीत टाकले. चूक माझीच होती. ती कशी, हे कळण्यासाठी आधी गावाचा थोडा इतिहास पाहू.

अथाय वसले ते नदीच्या उतारामुळे. नाव आयरिशमध्ये 'बॅल्या आहा ई', त्यातल्या 'आह'चा अर्थच उतार. पुलाच्या रक्षणासाठी १४१७ साली बांधलेला व्हाइट्स कासल आजही पुलाला खेटून उभा आहे. १५१५ मध्ये आठव्या हेन्रीने गावाला सनद दिली आणि दरवर्षी एक प्रोव्होस्ट, म्हणजे आपला नगराध्यक्षच म्हणा ना, निवडण्याचा हक्क मिळाला. पुढे १७९१ मध्ये ग्रँड कनाल आला, १८४६ मध्ये रेल्वे आली आणि धान्याचा व्यापार वाढला.

पण हक्क कागदावर. डब्लिनच्या पार्लमेंटमध्ये अथायचे दोन सदस्य असत, ते ठरवी मात्र लिन्स्टरच्या ड्यूकचे घराणे. १८४० च्या कायद्याने ही जुनी नगरपालिका बरखास्त झाली. १८९८ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये लोकनियुक्त काउंटी आणि जिल्हा कौन्सिले आली, आणि अथायलाही पुन्हा स्वतःचे कौन्सिल मिळाले. २००२ मध्ये त्याचे नाव 'टाउन कौन्सिल' झाले.

मग १ जून २०१४ रोजी सरकारने खर्चकपात आणि सुधारणा म्हणून देशातली सगळी, म्हणजे ८० टाउन आणि बरो कौन्सिले बंद केली. एकूण नगरसेवक १६२७ वरून ९४९ वर आले. आता अथायचा कारभार नासच्या किल्डेअर काउंटी कौन्सिलमधून चालतो. तिथल्या ४० सदस्यांपैकी अथाय विभागाचे फक्त ५.

या कौन्सिलकडे असते काय? रस्ते, घरबांधणी, बांधकाम परवानगी, ग्रंथालये, अग्निशमन दल, बागा. शाळा, पोलीस आणि इस्पितळे नाहीत. रोजचा कारभार चीफ एक्झिक्युटिव्ह पाहतो, आपल्याकडच्या मुख्याधिकाऱ्यासारखा. अंदाजपत्रक आणि विकास आराखडा मात्र निवडून आलेले सदस्य मंजूर करतात. गावाबाहेरून जाणारा रस्ता अनेक वर्षे मागितला जात होता. तो अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. तोवर नदी ओलांडायला वाहनांना गावातला एकच पूल, आणि सकाळी त्याच्यावर लागणारी रांग विचारू नका!

आता त्या मतदार कार्डाकडे वळू. आयर्लंडमध्ये संसदेसाठी मत देता येते ते आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना. स्थानिक निवडणुकीत मात्र इथे राहणाऱ्या १८ वर्षांवरील कोणालाही मत देता येते, पासपोर्ट कुठलाही असो. उभेही राहता येते. मतपत्रिकेवर फुली मारायची नाही, तर पसंतीनुसार १, २, ३ असे आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर आपले मत दुसऱ्याकडे जाते, वाया जात नाही.

मालवणजवळच्या वराड गावचे मूळ असलेले लिओ वराडकर पंतप्रधान झाले हे आपण कौतुकाने सांगतो. त्यांचीही सुरुवात अशाच एका कौन्सिलमधून, फिंगल काउंटीतून झाली होती.

मागची स्थानिक निवडणूक जून २०२४ मध्ये झाली. दर पाच वर्षांचा क्रम धरला तर पुढची २०२९ मध्ये. ज्या गावाचे स्वतःचे कौन्सिल गेले, त्याच्या वाट्याला पाच आवाज उरलेत. ते कोणाचे असावेत हे ठरवण्यात आपलाही वाटा आहे, कारण त्या पुलावरच्या रांगेत आपणही उभे होतोच की!

तेव्हा मंडळी, मतदार यादीत आपले नाव आहे का, ते 'चेक द रजिस्टर' या सरकारी संकेतस्थळावर आजच पाहा. आणि कार्ड आले तर कृपया रद्दीत टाकू नका.