कोल्हासुराचा वाटा

बॅटमॅनच्या गॉथम शहराला कुणी जोकरपूर म्हटलं नाही. कोल्हापूर मात्र आपल्या खलनायकाचं नाव आजही मिरवतं. नावाच्या इतर व्युत्पत्त्याही सांगितल्या जातात, पण लोकांच्या तोंडी असलेली कथा ‘करवीर माहात्म्य’ या ग्रंथातली आहे. अंबाबाई देवीनं कोल्हासुराला मारलं, मरता मरता त्यानं मागितलं की या क्षेत्राला माझं नाव लाभावं, आणि देवीनं ते मान्य केलं. लढाई जिंकली तिनं आणि गावाच्या पाटीवर नाव त्याचं!

कथा अलीकडून वाचली तर कोल्हासुर नुसता माजलेला राक्षस वाटतो. थोडी मागून वाचली की चित्र बदलतं. त्याचे मुलगे देवांच्या हातून मारले गेले होते, असं सांगतात. सूडानं पेटलेल्या या बापानं देवीकडून वर मिळवला की शंभर वर्षं तिनं या भूमीत पाऊल ठेवू नये. देवीनं शब्द दिला आणि पाळला. त्या शंभर वर्षांत त्यानं जो उच्छाद मांडला तो अक्षम्यच होता. पण त्याला मोकळं रान कुणी दिलं? तिच्याच वचनानं. कॉमिक्सचे वाचक ज्याला ‘ओरिजिन स्टोरी’ म्हणतात, ती इथं पुरी तयार आहे. खलनायकाला जखम आहे आणि त्याच्या गुन्ह्यांच्या मुळाशी नायिकेचाही एक धागा अडकलेला आहे.

अमेरिकन कॉमिक्सला इथवर यायला वेळ लागला. 1963 साली ‘एक्स-मेन’मध्ये मॅग्नेटो आला तेव्हा तो जग जिंकायला निघालेला, छाती काढून बोलणारा साचेबंद दुष्ट होता. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस क्लेरमाँट या लेखकानं त्याला बालपण दिलं: ऑशवित्झच्या छळछावणीतून वाचलेला मुलगा. त्याची लोखंड वाकवण्याची ताकद तीच, क्रौर्यही तेच. पण ‘वेगळे आहेत म्हणून आम्हाला पुन्हा संपवतील’ ही त्याची भीती आता खोटी म्हणता येईना. वाचकाची खरी पंचाईत तिथं सुरू झाली. खलनायकाची कीव येणं सोपं असतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य दिसू लागलं की वाचकाची झोप उडते.

नायकाच्या बाजूनं पाहिलं तर कोल्हापूरची कथा आणखी धीट आहे. कोल्हासुराचा आणखी एक मुलगा कामाक्ष. त्यानं योगदंडाच्या बळावर देवांना जनावरं करून टाकलं, तेव्हा अंबाबाईची बहीण त्र्यंबोली, म्हणजेच टेंबलाई, हिनं त्याचा निकाल लावून सगळ्यांना सोडवलं. पुढं विजयाचा सोहळा झाला आणि अंबाबाई नेमकं तिलाच बोलवायला विसरली. त्र्यंबोली रुसून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून आश्विनातल्या ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी शहरातून निघून टेंबलाईच्या टेकडीवर जाते, बहिणीची समजूत काढायला. तिथंच कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. तो कोहळा म्हणजे कोल्हासुर. म्हणजे एकाच दिवशी, एकाच जागी खलनायकाचा वधही होतो आणि नायिका आपली चूकही कबूल करते. शिवाय फुटलेल्या कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून भाविकांची झुंबड उडते. मारलेल्या शत्रूचा अंश लोक प्रसाद म्हणून घरी नेतात! मार्व्हल कॉमिक्सच्या कुठल्याही लेखकाला हे सुचलं असतं तर त्यानं नोकरीत बढती मागितली असती.

नायकाची चूक हेच स्पायडर-मॅनचंही इंधन आहे. 1962 सालचा पीटर पार्कर हातातून निसटता चोर मुद्दाम जाऊ देतो आणि तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. पुढच्या साऱ्या शौर्याला त्या एका ‘मला काय त्याचं’ची टोचणी आहे.

आता मुखवट्याकडे येऊ. सुपरमॅन 1938 साली चष्मा लावून वार्ताहर झाला. त्याच्या अठरा वर्षं आधी, 1920मध्ये, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं छुप्या ओळखीची एक अफाट गोष्ट पडद्यावर आणली होती: बाबूराव पेंटर यांचा मूकपट ‘सैरंध्री’. विराट राजाच्या घरी द्रौपदी दासी, भीम आचारी, अर्जुन नृत्यशिक्षक. अज्ञातवास उघडा पडला तर पुन्हा बारा वर्षं वनवास. महाभारतातला तो प्रसंग आठवून पाहा. विराटाचा सेनापती कीचक भर दरबारात द्रौपदीला लाथ मारतो आणि जगातले सर्वांत बलवान नवरे गप्प बसतात. भीमाची नजर बाहेरच्या झाडावर जाते, ते उपटून कीचकाला ठेचावं म्हणून. युधिष्ठिर ते ओळखतो आणि म्हणतो, सरपण हवं असेल तर आचाऱ्यानं बाहेरून आणावं. एवढ्या वाक्यात मुखवट्याची किंमत कळते, आणि ती भीमापेक्षा द्रौपदीला मोजावी लागते. बॅटमॅनच्या हजारो अंकांत इतकी जळजळीत चौकट क्वचितच सापडेल, असं माझं मत.

पेंटरांनी रंगवलेला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षक हादरले आणि तो भाग कापावा लागला. त्याआधी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातल्या कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झन पाहिला होता आणि 1910 साली सरकारनं त्या नाटकावर बंदी घातली होती. पण महाभारत इथंही सरळ हिशेब करू देत नाही. सेनापती कीचकाच्या धाकानं शेजारी राजे गप्प होते. तो मेल्याची बातमी फुटताच राजा सुशर्मा आणि कौरव विराटाची गुरं पळवायला धावून आले. राज्याचा गुंड हाच राज्याचा कोटही होता.

गुंड आणि रक्षक यांची हीच सरमिसळ पुढं भारतीय कॉमिक्समध्येही दिसते. पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी ‘अमर चित्र कथा’साठी देव आणि राजे पुष्कळ रंगवले. 1980च्या दशकात त्यांच्याच कुंचल्यातून राज कॉमिक्सचा नागराज उतरला. हिरव्या कातडीचा हा नायक जन्मतः नायक नव्हताच. प्रोफेसर नागमणीनं त्याला घडवलं होतं दहशतवाद्यांना भाड्यानं देण्यासाठी, आणि त्याच्या डोक्यात बसवलेल्या कुपीतून त्याच्यावर हुकूम चालत. गोरखनाथांनी ती काढली तेव्हा कुठं त्याला स्वतःचं मन मिळालं. पुढं तो दहशतवाद्यांच्या मागं लागला तो त्याच विषारी फुंकरीनं आणि त्याच मनगटातून सुटणाऱ्या सापांनी. अंगातलं एकही हत्यार त्याचं स्वतःचं नव्हतं, सगळी नागमणीचीच देणगी.