शांघाय व्हायचं होतं तेव्हा

१९ ऑगस्ट २०२५ ला भर पावसात चेंबूरजवळ मोनोरेल अडकली. वीज गेली, दारं उघडेनात, आतली माणसं घुसमटली. अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून अधिक प्रवाशांना खाली उतरवलं. महिन्याभरात, २० सप्टेंबरपासून, मोनोरेल दुरुस्तीसाठी बंदच झाली. शहरात फारसं कुणी हळहळलं नाही. मला मात्र ती बातमी लागली. ही गाडी ज्या वर्षांत कागदावर आली त्या वर्षांत मी या शहरात बातमीदारी करत होतो, आणि तेव्हा ती एका मोठ्या स्वप्नाच्या यादीत होती. मुंबईचं शांघाय करायचं, हे ते स्वप्न.

भारत आणि चीन यांची तुलना तशी जुनी आहे. पन्नासच्या दशकातल्या भाईचाऱ्याच्या घोषणा, मग १९६२, मग लांबलचक अबोला. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मनात राहिलेलं माणूस एकच, तेही त्याच्या आधीचं: चीनमध्ये जखमींची सेवा करणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. पण ती एका माणसाची थोरवी होती, त्यावरून दोन देशांचं जगणं तोलता येत नाही.

तोलायचं तर १९९० च्या आसपासपासून तोलावं. तेव्हा दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं, आपलं किंचित जास्तच. आज चीनचं आपल्या पाचपटीच्या आसपास आहे. पण १९९० मध्ये उत्पन्न सारखं असलं तरी माणसं सारख्या स्थितीत नव्हती. चीनमध्ये दहातले जवळपास आठ जण साक्षर होते. आपल्याकडे १९९१ च्या जनगणनेत हे प्रमाण बावन्न टक्के होतं. खेड्यापाड्यांत जुजबी प्रशिक्षण घेतलेले आरोग्यसेवक त्यांनी फार आधी पोहोचवले होते. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी हे वर्षानुवर्षं सांगितलं की चीनने बाजार उघडला तेव्हा त्या बाजारात उभं राहू शकेल असा शिकलेला, धडधाकट माणूस तिथे तयार होता. सेन यांनी दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली. १९५८ ते १९६१ या काळात त्याच देशात कोट्यवधी माणसं उपासमारीने गेली आणि ते ओरडून सांगणारं एकही वर्तमानपत्र तिथे नव्हतं. आपल्या स्वप्नाळूंनी यातली कुठलीच बाजू वाचली नाही. त्यांनी फक्त पुडोंगचे, शांघायच्या नव्या व्यापारी भागाचे, फोटो पाहिले.

२००३ च्या सप्टेंबरमध्ये ‘बॉम्बे फर्स्ट’ या उद्योजकांच्या संस्थेसाठी मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने ‘व्हिजन मुंबई’ हा अहवाल तयार केला. दहा वर्षांत, म्हणजे २०१३ पर्यंत, मुंबई जागतिक दर्जाचं शहर करायची आणि त्यासाठी दोन लाख कोटी रुपये लागतील, असा त्याचा हिशेब होता. त्यानंतरचे परिसंवाद मला आठवतात. पडद्यावर आधी १९९० चं पुडोंग यायचं: शेतं, गोदामं, बैठी घरं. मग नवं पुडोंग: ओरिएंटल पर्लचा मनोरा, अठ्ठ्याऐंशी मजल्यांचा जिन माओ. सभागृहात ‘वा’ उमटायचं. शांघायच्या मेट्रोचा पहिला टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, हे सांगितलं जायचं. तिथल्या शाळांबद्दल, दवाखान्यांबद्दल, गटारांबद्दल मी कुठल्याच परिसंवादात एक वाक्य ऐकलं नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग मुंबईत येऊन म्हणाले की पाच वर्षांत हे शहर असं बदलू की लोक शांघायला विसरतील. त्या दिवशी मीही उत्साहाने बातमी लिहिली. उत्साह खराच होता, लोकलमधल्या माणसालाही तो लागला होता.

आणि मग हातोडा बाहेर आला. त्याच ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस आघाडीने २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचं वचन दिलं होतं. निवडणूक जिंकली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि डिसेंबरपासून झोपड्या पाडायला सुरुवात झाली. काही आठवड्यांत ऐंशी-नव्वद हजार घरं भुईसपाट झाली. थंडीच्या दिवसांत बायका जळक्या पत्र्यांतून भांडी वेचत होत्या. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेली माणसं मला विचारत होती की कुठल्या साहेबाला दाखवू? शिधापत्रिका, मतदार यादीतलं नाव, विजेचं बिल, सगळं त्या पिशवीत होतं. आमच्या वर्तमानपत्रात या मोहिमेचं समर्थन करणारे लेख पहिल्या पानावर आले आणि माझी बातमी आतल्या पानावर, तीही कापून. हा राग मी आजवर विसरलेलो नाही. पुढे पक्षातूनच दबाव आला आणि मोहीम थांबली. पाडलेल्यांतली बरीच घरं मग तिथेच, आणखी कच्च्या पत्र्यांनी, उभी राहिली. दोन लाख कोटींच्या स्वप्नातलं पहिलं अमलात आलेलं काम हे होतं.

सहा महिन्यांत २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा कुर्ल्यात राहत होतो. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा गल्लीत वाण्याने भिजलेल्या तांदळाची पोती रस्त्यावर आणून टाकली होती. ते तांदूळ फुगून, आंबून पोती उसवत होते, आणि पुढच्या वळणावर तबेल्यातल्या म्हशी फुगून पडल्या होत्या. त्या दोन वासांची सरमिसळ कित्येक आठवडे गेली नाही.

एवढा पाऊस कुठलंही शहर झेलू शकलं नसतं, हे खरं. पण मुंबईची पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल एवढीच होती आणि ती दुप्पट करा, असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून महापालिकेच्या कपाटात होता. शांघायने मेट्रो सुरू केली तेच ते साल. तेव्हापासून बारा पावसाळे गेले. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने २००६ मध्ये सगळं पुन्हा नीट मांडून दिलं. तोही अहवाल तसा पडूनच आहे म्हटलं तरी चालेल, कारण हिंदमाता आणि किंग्ज सर्कलला आजही पाणी भरतं.

त्या दशकात कामानिमित्त मी शांघायला गेलो. सगळे पुडोंग बघायला गेले, मी सूझो खाडी बघायला गेलो. शहराच्या मधून वाहत हुआंगपू नदीला मिळणारा हा प्रवाह एकेकाळी काळाकुट्ट होता, त्याची दुर्गंधी शांघायभर प्रसिद्ध होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या शुद्धीकरणाचं मोठं काम सुरू झालं. मी पाहिलं तेव्हा पाणी गढूळच होतं, पण नाक मुरडावं लागत नव्हतं आणि काठावर म्हातारी माणसं सकाळी व्यायाम करत होती. तिथल्या अभियंत्याने दुभाष्यामार्फत मला जे समजावलं ते अगदी साधं होतं. गाळ उपसणं हे शेवटचं काम. आधी खाडीत येणारा प्रत्येक सांडपाण्याचा नाला तोंडाशी अडवायचा, ते पाणी वेगळ्या नळांनी प्रक्रिया केंद्राकडे न्यायचं.

आमच्या मिठी नदीसाठी ऑगस्ट २००५ मध्ये प्राधिकरण झालं. नदी जेमतेम अठरा किलोमीटरची. त्यानंतर दरवर्षी गाळ उपसला, भिंती बांधल्या, पात्र रुंद केलं आणि सांडपाणी मात्र येतच राहिलं. मे २०२५ मध्ये गाळ काढण्याच्या कामात ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला. गाळ किती निघाला याचेही कागद खोटे असल्याचा आरोप आहे. वीस वर्षं एका नदीचे नाले अडवता येऊ नयेत, याला मी दुसरं काही म्हणू शकत नाही, हा गुन्हाच आहे.

शांघायमध्ये मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती परिसंवादवाल्यांनी कधी दाखवली नाही. जुन्या दगडी कमानींच्या गल्ल्या, एका घरात पाच-सहा बिऱ्हाडं, सामाईक स्वयंपाकघर, जिन्यात टांगलेल्या कढया. परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ते घर लगेच ओळखू येतं. तिथल्या भिंतींवर पाडकामाची खूण रंगवलेली होती. एका आजींनी दुभाष्याला सांगितलं की नवं घर चांगलं आहे, संडास आतच आहे, पण दवाखाना बसने दीड तास लांब आहे. मी विचारलं, नाही म्हटलं असतं तर? दुभाष्याने तो प्रश्न त्यांच्यापर्यंत नेलाच नाही. २०१० च्या जागतिक प्रदर्शनासाठी सुमारे अठरा हजार कुटुंबं हलवण्यात आली. त्या वर्षीच्या दोन कोटी तीस लाख वस्तीतले जवळपास नव्वद लाख बाहेरून आलेले होते आणि गावच्या नोंदणीच्या नियमामुळे त्यांच्या मुलांना शांघायमधून विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देता येत नव्हती. २०२२ मध्ये त्याच शहराला दोन महिने घरात कोंडलं गेलं, तेव्हा भाजीपाल्यासाठी खिडक्यांतून ओरडणारी माणसं सगळ्या जगाने पाहिली. माझ्या डाव्या मित्रांशी यावर मी तेव्हा कडाकडा भांडलो आहे. त्यांना चीनची मेट्रो आवडायची, या कोंडलेल्या माणसांचा विषय निघाला की ते घड्याळ बघायचे.

पण माझं मोठं भांडण दुसऱ्या बाजूशी होतं आणि आहे. ‘आपल्याकडे लोकशाही आडवी येते’ हे वाक्य त्या दशकात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं, मंत्रालयात, क्लबात, संपादकांच्या खोलीत, की आजही ते ऐकलं की चीड येते. कुठे आडवी आली? ब्रिमस्टोवॅडच्या विरोधात कुणी मोर्चा काढला होता? शाळा नको, दवाखाना नको म्हणून कुठल्या वस्तीने रास्ता रोको केला? जिथे लोकांनी आडवं यायला हवं होतं तिथे त्यांना बाजूला सारलं गेलं. मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचं उदाहरण घ्या. १९९१ च्या नियमानुसार एक तृतीयांश मोकळ्या जागांना, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना आणि उरलेली मालकाला मिळायची होती. २००१ मध्ये नियम असा फिरवला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची होईल. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. १९८२ च्या संपात देशोधडीला लागलेला कामगार घराच्या सोडतीची वाट बघत म्हातारा झाला. जगात कुठल्याही शहराला मध्यभागी एवढी जमीन पुन्हा मिळत नाही. तिथे शाळा, बागा, घरं उभी राहिली असती तर मी शांघायचं नावही काढलं नसतं.

शाळांचं तर विचारूच नका. २००९ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय परीक्षेत शांघायची पंधरा वर्षांची मुलं वाचन, गणित, विज्ञान या तिन्हींत पहिली आली. बाहेरून आलेल्यांची मुलं त्यात पुरेशी नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. त्याच फेरीत आपली तमिळनाडू आणि हिमाचल ही दोन राज्यं बसली आणि तळाला गेली. त्यावर आपण काय केलं? पुढच्या फेरीला बसलोच नाही. इकडे मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळा एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्या शाळांनी गिरणगावची मुलं शिकवली, त्यांच्या इमारतींकडे आता भूखंड म्हणून पाहिलं जातं. मला सर्वांत जास्त दुःख याचं आहे.

२०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावली, ११.४ किलोमीटर. शांघायची तेव्हा पाचशेच्या पुढे गेली होती. त्यानंतरच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो. सागरी किनारा मार्ग झाला, अटल सेतू झाला, भुयारी मेट्रो आली. कामं झाली, नाकारत नाही, भुयारी मेट्रो तर उत्तमच आहे. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. जवळजवळ चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता आणि चौऱ्याहत्तर हजार कोटींवर गेलेलं वार्षिक अंदाजपत्रक होतं. आडवं यायला कुणी उरलं नव्हतं. मिठीचे नाले तरी तेव्हा अडवायचे.

९ जून २०२५ ला सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली. चार जण त्याच दिवशी गेले. नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवू, असं रेल्वेने त्याच दिवशी जाहीर केलं. मुंबईत विजेची लोकल १९२५ पासून धावते आहे. दारं बसली तरी कोंदट डब्यात हवा कुठून येणार, गर्दी कुठे मावणार, ठाण्यापलीकडे फेऱ्या कधी वाढणार, हे प्रश्न राहतातच. ज्याला मुंबईत घर परवडत नाही म्हणून दिव्याला राहावं लागतं, तो उद्या सकाळीही त्याच गाडीच्या दारात उभा असणार आहे, आणि त्याला पावणेनऊची गाडी चुकवून चालत नाही.