गावच्या कमानीवर 'मुंबई' कशी आली? लालबाग-परळच्या खोलीची गोष्ट

एसटीच्या रस्त्यावरून गावाकडे वळलं की कमान लागते. वर ग्रामदेवतेचं नाव, मध्ये गावाचं आणि खाली बारीक अक्षरात 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई'. कोकणात आणि घाटावर अशा कमानी कितीतरी गावांत आहेत. पण गावच्या वेशीवर मुंबईचं नाव कशाला? उत्तर लालबाग-परळच्या चाळींत आहे.

गावाची खोली

मुंबईत १८५६ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे परळ-लालबाग भागात गिरण्या वाढल्या आणि त्याला गिरणगाव म्हणू लागले. कामगार आले ते रत्नागिरी (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच), सातारा, कोल्हापूरकडून. एकट्याला भाडं झेपेना, म्हणून गावकऱ्यांनी मिळून खोली घेतली. एक जण पाळीला गेला की दुसरा त्याच जागेवर झोपायचा. जेवण खानावळीत, भिंतीला ट्रंका, कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. पत्ता म्हणून 'अमुक गावची खोली' एवढं सांगितलं तरी पुरे. गोव्याच्या खलाशांचंही तसंच. गिरगावाला लागून असलेल्या धोबीतलावला त्यांच्या गावांचे 'कूड' होते.

वर्गणीतून कमान

खोलीत दरमहा वर्गणी निघायची. त्यातून आजारपण, मयत निभावायचं. उरलेल्या पैशातून गावात देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, कमान. चाकरमानी गावी येणार गणपतीला आणि शिमग्याला. बाकीचं वर्षभर 'मी पण इथलाच' हे सांगतं ते कमानीवरचं नाव. म्हणूनच कुणाचं नाव कोरलं, कुठली वाडी राहिली, यावरून गावात भांडणंही होतात.

आता प्रश्न खोलीचा

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, बरेच जण गावी परतले, खोल्या ओस पडल्या.

आज त्याच चाळींचा पुनर्विकास चाललाय. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. खोली अख्ख्या गावाची, पण भाडेपावती एकाच्याच नावावर असेल तर? तो माणूस हयात नसेल, तर हक्क सांगायला त्याचे वारस पुढे येतात आणि गावाकडे फक्त आठवणी उरतात.

तुमच्या गावची अशी खोली असेल तर एवढं करा:

- भाडेपावती आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते बघा.
- वर्गणीच्या जुन्या वह्या, सभांची इतिवृत्तं जपून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा.
- मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, ते तपासा.
- कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

यंदा गणपतीला चाकरमानी आले की देवळात बैठक लावा आणि हा विषय पहिला घ्या.