‘फॅक्ट’ म्हणजे सत्यच काय?

इंग्रजी ‘फॅक्ट’ हा शब्द आपण ‘सत्य’ या अर्थानें सर्रास वापरतों. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ मात्र ‘केलेलें कृत्य’ असा आहे. आणि आपल्या नागपुरच्या न्यायालयांत तिसराच अर्थ चालतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें माणसाचें मत व लौकिक यांसही ‘फॅक्ट’ म्हटलें. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानें तेंच कायम ठेविलें. अमुक गृहस्थास लोक चोर म्हणतात, हें ‘फॅक्ट’ होय. तो चोर आहे कीं नाहीं, हें निराळें सिद्ध करावें लागतें. आपली मराठी हा भेद एकाच वाक्यांत सांगते : ‘लोक तसें म्हणतात खरें, पण त्यांत तथ्य नाहीं.’ हें वाक्य अर्ध्यावर सोडलें, तर निरपराध माणसाची अब्रू जाते.