मूल होत नाही, मग तपासणी कुणाची?

लग्नाला दोन वर्षं झाली की घरातल्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं, उपासतापास सुरू होतात. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा विषय मात्र कुणी काढत नाही. वस्तुस्थिती अशी की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही अडचण असते. कधी फक्त त्याच्याकडे, कधी दोघांकडे. त्याची तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. ती मागे ठेवून बायकोला महिनोन्‌महिने औषधं देणं हा तिच्यावर अन्याय आहे.

‘तो चांगला धडधाकट आहे, त्याला काय झालंय?’ असं म्हटलं जातं. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रोप इथल्या एका रासायनिक कारखान्यातले कामगारही धडधाकटच होते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना मूल होत नाही, हे आपसातल्या गप्पांतून त्यांच्या ध्यानात आलं. १९७७ मध्ये तपासणी झाली, तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी निघाले, काहींच्या वीर्यात तर एकही नव्हता. जमिनीतल्या सूत्रकृमी मारणाऱ्या ‘डीबीसीपी’ या औषधाचा तो परिणाम होता. वरून काहीच दिसत नव्हतं.

रसायनांइतकीच उष्णताही महत्त्वाची. वृषणांचं तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी राहावं लागतं. त्यामुळे बेकरीच्या भट्टीपुढे किंवा फाउंड्रीत रोज तासन्‌तास उभं राहणाऱ्याने डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगावं. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यानेही. जिममध्ये पिळदार शरीरासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या तरुणांना वाटतं, याने पुरुषत्व वाढेल. घडतं उलटं. बाहेरून हार्मोन मिळाल्यावर मेंदूकडून वृषणांना मिळणारा इशारा थांबतो आणि शुक्राणू बनणं कमी होतं, कधी पूर्ण बंदही पडतं.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून तंबाखू-सिगारेट सोडल्याचा फायदा दिसायला तीनेक महिने जावे लागतात, आणि दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या जोरदार तापानेही रिपोर्ट बिघडू शकतो. एका रिपोर्टवर खचून जाऊ नका, तपासणी पुन्हा करा.

स्त्रियांच्या बाबतीत ‘पाळी वेळेवर येते, म्हणजे सगळं ठीक’ हा समज घातक ठरतो. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग गर्भनलिका बंद करतो आणि कित्येकदा पाळीत काहीच फरक पडत नाही. ‘मी फिट आहे, वयाचं काय’ हेही खरं नाही. स्त्रीबीजांचा साठा जन्माआधीच ठरतो आणि पस्तिशीनंतर तो झपाट्याने घटतो. व्यायामाने तो वाढत नाही. पीसीओएस (बीजांडकोशाशी संबंधित हार्मोनचा विकार) असलेल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रीला मात्र वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकदा गुण येतो. फार बारीक असणंही दर महिन्याला बीज बाहेर पडण्याच्या आड येतं. आणि पहिलं मूल सहज झालं, म्हणून दुसऱ्या वेळी अडचण येणारच नाही असं नसतं.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. पत्नीचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जा. जाताना दोघांनी जा, आणि वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्या.